डोंगरातला दागिना, डोंगराखालचं गिऱ्हाईक

अचलपूर-परतवाड्यात सातपुड्याकडे तोंड करून उभं राहिलं की वऱ्हाडच्या व्यापाराचे दोन स्वभाव एका जागेवरून दिसतात. पाठीमागे कापसाची काळी सपाटी. एके काळी इमादशाहीची राजधानी असलेल्या या अचलपूरपर्यंत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून नॅरोगेज रूळ आले. ‘शकुंतला’ या नावाने पुढे लाडकी झालेली ही गाडी मुळात माणसांसाठी नव्हतीच. कापूस मुंबई बंदरापर्यंत आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचावा म्हणून ती धावू लागली. म्हणजे इथल्या शेतकऱ्याला ठोक गिऱ्हाईक शोधायला जावं लागलं नाही. ते रूळ टाकून त्याच्या दारात आलं. भाव मात्र त्याने आपल्याबरोबर आणला. रुळांच्या आधीही असंच झालं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिथला कापूस थांबला तेव्हा वऱ्हाडात पैसा खुळखुळला, आणि युद्ध संपताच तो ओसरला.

समोर गाविलगडचे डोंगर. तिथून मोठं गिऱ्हाईक उतरलं ते सागासाठी आणि बांबूसाठी. परतवाड्याची लाकूडबाजार म्हणून असलेली ओळख त्यातूनच घडली. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत याच डोंगरात एक वेगळा माल तयार होऊ लागला आहे. बांबूच्या राख्या, कानातली, गळ्यातल्या माळा, बांगड्या. कोरकू, गोंड आणि बुरूड समाजातल्या स्त्रीपुरुषांच्या हातचा हा दागिना. तो घ्यायला रूळ टाकून कोणी येत नाही. गिऱ्हाईक शोधायला त्याने स्वतःच घाट उतरायचा आहे, आणि चिखलदऱ्याचा हा प्रवास त्या शोधाच्या वाटेने केला तर एरवी नजरेआड राहणारा मेळघाट दिसतो.

घाट चढताना साग मागे पडत नाही, पण हवा बदलते. मोथा गावाजवळ आलं की गवळ्यांची वस्ती लागते. म्हशी, दुधाच्या कढया आणि खवा. चिखलदऱ्याच्या परिसरातला खवा पायथ्याच्या शहरांतल्या मिठाईवाल्यांकडे उतरतो आणि वर आलेला पर्यटक इथली रबडी चाटून पुसून खातो. खव्याचा हा व्यवहार दागिन्याच्या दृष्टीने नीट बघण्यासारखा आहे. खव्याला किलोचा भाव असतो. घेणाऱ्याला तो चिमटीत मळून, जिभेवर ठेवून पारखता येतो, आणि आज घेतलेला माल उद्या संपणार हे दोघांनाही ठाऊक असतं. बांबूच्या कानातल्याला असा भाव नाही. ते करायला किती वेळ लागला हे बघून कळत नाही, दोन दुकानांत दोन किमती असतात, आणि ते कधी विकलं जाईल ते सांगता येत नाही. ठोक व्यापाराची सगळी अडचण या तीन गोष्टींत आहे.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच. विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण आणि महाराष्ट्रात कॉफी पिकणारी जागा म्हणून त्याची ओळख. कीचकाला भीमाने इथे मारून दरीत फेकलं अशी कथा आहे, आणि भीमकुंडाच्या कड्यावर उभं राहिलं की ती कथा याच दरीला का चिकटली ते समजतं. १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन इथे पोचला आणि इंग्रज साहेबांच्या उन्हाळ्यासाठी ठिकाण वसत गेलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून शेजारी गाविलगड उभा होता. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास बांधलेला, पुढे इमादशाहीचा, मग नागपूरकर भोसल्यांचा. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. हाच वेलस्ली बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. किल्ल्याच्या दरवाज्यांवर कोरलेली गंडभेरुंड आणि शरभाची शिल्पं अजून ठसठशीत आहेत. गंडभेरुंड हा दोन तोंडांचा पक्षी पदकावर किंवा कानातल्यावर आला तर तो चिखलदऱ्याचाच दागिना म्हणून ओळखला जाईल, असं तिथे उभं राहून वाटत राहतं. दुकानदार नमुना हातात घेतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न हाच असतो की यात तुमच्याकडचं काय आहे.

बाजारात आणि पॉइंटांवर पर्यटकांसाठी मांडलेल्या टपऱ्यांवर कॉफीची पाकिटं, मध, थंडीत स्ट्रॉबेरी आणि त्यांच्या बाजूला बांबूच्या वस्तू. अशाच एका टपरीवर बांबूची कानातली टांगलेली होती. पातळ चकत्या, त्यांना हळदी-कुंकवाच्या रंगाचे ठिपके. प्रवाशाने विचारलं, “ताई, हीच शंभर जोड्या मिळतील का?” ताईने एक जोडी काढली, दुसरी काढली, दोन्ही तळहातावर ठेवून बघितल्या. “शंभर मिळतील,” ती म्हणाली, “पण हीच नाही मिळणार.”

हे उत्तर मुद्द्याचं होतं. बांबू बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळता होत जातो. एका पेरातून कापलेल्या शेजारशेजारच्या दोन चकत्या जुळतात, म्हणून डावं-उजवं कानातलं एकाच जागेतून काढतात. पण त्याच पेरातली दहावी चकती पहिलीपेक्षा लहान भरते, आणि पुढच्या बांबूची जाडी आणखी वेगळी. एका पर्यटक बाईला हे आवडतं. तिच्यासारखी जोडी दुसऱ्या कोणाकडे नाही. मुंबईच्या किंवा नागपूरच्या दुकानदाराला मात्र हे परवडत नाही. त्याने एक नमुना काचेत लावला की त्याच्यासारखेच उरलेले नग डब्यात असावे लागतात. बांबूच्या दागिन्याला ठोक बाजारात न्यायचं तर आधी कानातली व्यासाप्रमाणे निवडून लहान, मधली, मोठी अशा तीन ढिगांत लावावी लागतात, भोक पाडायला साचा लागतो, आणि जिथे जमेल तिथे गोल चकती सोडून पट्टीकडे वळावं लागतं. पट्टी हव्या त्या मापाने कापता येते. आकाराचा निर्णय असा बाजारच घेतो.

पर्यटक एक घेतो, दोन घेतो, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गर्दी इतकी की घाटात गाड्यांची रांग लागते. मग मंगळवारी टपरीवर कोणी नसतं. सिडकोच्या स्कायवॉकची चर्चा इथे बरीच वर्षं चालू आहे आणि त्याने गर्दी वाढेल यात शंका नाही. पण किरकोळ गर्दी कितीही वाढली तरी त्यातून चाळीस बायकांना सहा महिने काम मिळेल अशी ऑर्डर निघत नाही. पर्यटनस्थळ म्हणजे आपोआप बाजारपेठ असं सरसकट धरलं जातं, आणि हस्तकलेच्या किती तरी योजना तिथेच अडकतात.

चिखलदऱ्याहून सेमाडोहकडे उतरताना जंगल खरं सुरू होतं. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ मधला. सागाच्या खाली मानवेलीची बेटं. मानवेल हा इथला मुख्य बांबू; कोरड्या डोंगरात तो जाड भिंतीचा, काही ठिकाणी जवळजवळ भरीव वाढतो. काठीला, घराच्या कुडाला, टोपलीला उत्तम. दागिन्यासाठी तो कापायचाही काळ ठरलेला असतो. पावसाळ्यात कापलेला बांबू लवकर किडतो. थंडीत, तीनेक वर्षांचा पक्का बांबू कापला आणि बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवला तर भुंगा लागत नाही. ठोक व्यापारात हे फार महत्त्वाचं आहे. टपरीवरून घेतलेल्या कानातल्यातून महिन्याभराने पिवळी भुकटी गळू लागली तर गिऱ्हाईक हळहळून गप्प बसतं; दुकानात ठेवलेल्या पाचशे नगांतून गळू लागली तर तो दुकानदार मेळघाटचा माल पुन्हा घेत नाही.

आणि हा बांबू कोणाचा, हाही प्रश्न आहेच. भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ म्हणून धरला होता. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून बाहेर काढला. जंगलातल्या बांबूसाठी मात्र वनहक्क कायदा, २००६, आणि त्यातला गौण वनोपजावरचा हक्क हाच रस्ता. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने एप्रिल २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने मिळवले तेव्हा त्याचं देशभर कौतुक झालं. मेळघाटात व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातला बांबू हाताला लागत नाही. त्यामुळे जंगलात राहूनही कारागिराला बांबूचा हिशेब काटकसरीने करावा लागतो. दागिना हा त्या हिशेबात बसतो. एका बांबूच्या टोपल्या मोजक्या होतात, राख्या मात्र शेकड्यांनी.

सिपना नदी ओलांडून हरिसाल लागतं. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या पुढाकाराने ते ‘देशातलं पहिलं डिजिटल गाव’ म्हणून जाहीर झालं होतं. तरी मेळघाटातल्या कितीतरी गावांत आजही फोनला रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागतं, आणि ठोक गिऱ्हाईक हल्ली नमुन्याचा फोटो मागतं, दर मागतं, संध्याकाळपर्यंत उत्तर मागतं. रेंज नाही म्हणजे उत्तर नाही, आणि उत्तर नाही म्हणजे ऑर्डर दुसरीकडे. भाषेचंही तसंच. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, ती मुंडा कुळातली, संथाली आणि मुंडारीची नातलग. घरात कोरकू, बाजारात हिंदी, कचेरीत मराठी, आणि दिल्लीच्या प्रदर्शनात इंग्रजी. भाव ठरवताना कारागीर नेहमीच दुसऱ्याच्या भाषेत बोलत असतो, हे समजलं की मधल्या माणसाची गरज का पडते ते कळतं.

अशी मधली भूमिका धारणी तालुक्यातल्या लवादा इथे एका दांपत्याने निराळ्या प्रकारे निभावली. चित्रकूटला नानाजी देशमुखांबरोबर काम केलेले सुनील देशपांडे आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकलेल्या निरुपमा देशपांडे १९९० च्या दशकात मेळघाटात येऊन स्थायिक झाले. नागपूरचे वास्तुरचनाकार आणि बांबूचे जाणकार विनू काळे यांच्याकडून सुनील यांनी बांबूची दृष्टी घेतली होती. लवादाचं ‘संपूर्ण बांबू केंद्र’ त्यातून उभं राहिलं. घरं, फर्निचर, दिवे आणि दागिने, अशा अनेक वस्तू इथे शिकवल्या आणि केल्या जातात. कारागिरांची ‘वेणुशिल्पी’ ही औद्योगिक सहकारी संस्थाही त्याच कामातली. २०२१ मध्ये कोरोनाने सुनील देशपांडे गेले. काम थांबलं नाही.

बाहेरच्या जगाला लवादा माहीत झालं ते मात्र राखीमुळे. ‘सृष्टीबंध’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या राख्या पुण्या-मुंबईत पोचल्या, देशाबाहेरही गेल्या. इतक्या सगळ्या वस्तूंत राखीच का चालली? कारण ठोक व्यापाराच्या दृष्टीने राखी हा जवळजवळ निर्दोष दागिना आहे. तिची जोडी लागत नाही, त्यामुळे जुळवायची कटकट नाही. मनगट कितीही जाड असो, दोरा ते सांभाळून घेतो. बांबूची पट्टी मापाने कापली की हजार नग एकसारखे निघतात. वजन इतकं कमी की शेकडो राख्यांचं खोकं सहज पाठवता येतं. रत्नं किंवा मौल्यवान धातू नसलेल्या राखीवर जीएसटीही नाही. २०१८ मध्ये जीएसटी परिषदेने ही सूट दिली, आणि लहान संस्थेच्या कागदपत्रांचं ओझं त्याने कमी झालं. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तिचं ठोक गिऱ्हाईक दुकानदारच असावं लागत नाही. शाळा, कंपनी, बँकेची शाखा, गणेश मंडळ, महिला मंडळ, गृहनिर्माण सोसायटी, सीमेवरच्या जवानांना राख्या पाठवणारी संस्था, यांतला प्रत्येक जण एकदम दोनशे-पाचशे घेतो, आणि त्याला शेल्फ नको, काच नको, दुकानदाराचा हिस्साही नको.

मुंबईतल्या भुलेश्वर किंवा मालाडच्या इमिटेशन बाजारात हाताने केलेला बांबूचा दागिना यंत्रावर निघालेल्या मालाशेजारी दराने उभा राहू शकत नाही, आणि त्याने तिथे उभं राहूही नये. मेळघाटच्या राखीने तो बाजार वळसा घालून टाळला. ज्यांना वस्तूइतकंच ती कोणी केली याचं मोल आहे अशा गिऱ्हाइकांकडे ती थेट गेली. हस्तकलेच्या कुठल्याही छोट्या धंद्याने या प्रवासातून एक गोष्ट घ्यावी तर ती हीच: आपल्या मालाचा ठोक खरेदीदार दागिन्यांच्या पेठेतच असेल असं धरून चालू नये.

पण राखीची शेवटची तारीख कोणी पुढे ढकलत नाही. राखी पौर्णिमा २०२३ मध्ये ३० ऑगस्टला आली, २०२४ मध्ये १९ ऑगस्टला, २०२५ मध्ये ९ ऑगस्टला. अधिक महिन्याच्या फेऱ्यामुळे तीन आठवड्यांचा हा सरकता काटा, आणि त्यामागे सगळं वर्ष सरकतं. पौर्णिमेच्या आधी दोन-तीन आठवडे माल शहरात पोचायला हवा. म्हणजे जुलैमध्ये तो घाट उतरायला हवा, नेमक्या त्या दिवसांत जेव्हा मेळघाटात धो धो पाऊस असतो, पूल पाण्याखाली जातात आणि वीज जाते. त्याआधी चार महिने काम, त्याआधी ऑर्डर पक्की, त्याआधी नमुने. मार्चमध्ये ज्याचे नमुने तयार नाहीत त्याचा श्रावण हुकला.

मेळघाटातल्या माणसांचं वर्ष तर आणखी वेगळं. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं मजुरीसाठी खाली सपाटीवर उतरतात, आणि होळीला परत येतात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. कितीही लांब गेलेला माणूस होळीला गावात असतो. म्हणून होळी ते पेरणी हा काळ दागिन्याच्या कामाला सर्वांत सोयीचा पडतो. आणि पावसाळ्यात, जेव्हा घरातलं धान्य संपतं आणि कुपोषणाच्या बातम्यांत मेळघाटचं नाव येतं, तेव्हा हातात मजुरी असेल तर तिची किंमत शहरातल्या माणसाच्या कल्पनेपलीकडची आहे. या भागात बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ पासून कोर्टात, विधानसभेत, वर्तमानपत्रांत गाजतो आहे. राखीच्या ऑर्डरची आगाऊ रक्कम वेळेवर आली की नाही, हा प्रश्न इथे हिशेबाच्या वहीपुरता राहत नाही.

आणि ठोक व्यापारात नेमकी तीच रक्कम अडते. पुष्कळ दुकानदार नव्या कारागिराचा माल जांगड घेतात. विकला तर पैसे, नाही तर माल परत. सराफाला जांगड परवडते; परत आलेलं सोनं वितळवता येतं. परत आलेली राखी पौर्णिमेनंतर पुढच्या श्रावणापर्यंत पडून राहते, आणि तोवर दोऱ्याचा रंग उडालेला असतो. म्हणून राखीला जांगड नाही, निम्मी रक्कम ऑर्डरबरोबर आणि उरलेली माल निघताना, एवढा एक नियम पाळला तरी छोटा गट तरतो. सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह. कोरकू बाई परतवाड्याच्या किंवा मुंबईच्या व्यापाऱ्यावर दावा लावायला जाणार नाही हे खरंच. पण बिलाच्या तळाशी ती एक ओळ छापलेली असली की मोठी कंपनी रक्कम अडवताना विचार करते.

दरही इथेच चुकतो. समजा एका कानातल्याच्या जोडीला बांबू, हूक, रंग आणि खोकं मिळून १५ रुपये लागले आणि मजुरी ३५ रुपये झाली. कारागीर टपरीवर ती ८० ला विकतो आणि ३० रुपये सुटले म्हणून खूश होतो. दुकानदार येतो, त्याला ती १२० च्या पाटीवर लावायची असते आणि त्यासाठी तो निम्म्या किमतीत, म्हणजे ६० ला मागतो. कारागिराला वाटतं आपण लुटले जातोय. पण दुकानभाडं, पगार, न विकलेला माल हे सगळं त्या वरच्या ६० मधूनच जातं. चूक ८० या आकड्यात आहे. ठोक दर आधी ठरवायचा आणि किरकोळ दर त्याच्या दुप्पट ठेवायचा, टपरीवरसुद्धा. नाही तर चिखलदऱ्याला ८० ला मिळणारी वस्तू अमरावतीच्या दुकानात १२० ला बघून गिऱ्हाईक दुकानदारालाच चोर ठरवतं, आणि दुकानदार ती वस्तू ठेवणं बंद करतो. मजुरीचे ३५ रुपये मात्र दोन्ही हिशेबांत जागचे हलता कामा नयेत.

धारणीचा आठवडी बाजार या सगळ्याला आणखी एक बाजू देतो. चांदीचे, गिलटाचे दागिने, मण्यांच्या माळा, बांगड्या यांची दुकानं बाजारात लांबवर मांडलेली असतात. कोरकू स्त्रीला दागिन्याची हौस मोठी, आणि सणाच्या, लग्नाच्या आधी या दुकानांवर तिची गर्दी असते. दिवाळीनंतरच्या बाजारांना तर मेळघाटात ‘घुंगरू बाजार’ म्हणतात. गुरं राखणारे गोंड थाट्या रंगीत फेटे, काळे चष्मे आणि घुंगरं घालून, बासरी वाजवत बाजारातून नाचत फिरतात आणि दुकानदारांकडून ओवाळणी घेतात. प्रवाशाला आश्चर्य वाटतं ते इथे. या सगळ्या झगमगाटात बांबूचा दागिना दिसत नाही. जी बाई तो करते, ती स्वतः गिलटाची जोडवी विकत घेते. तिच्या लेखी बांबू म्हणजे टोपली, सूप, कुडाची भिंत. अंगावर घालायचं ते धातूचं. शहरातली बाई सोनं बँकेत ठेवते आणि कानात बांबू घालते. करणारीची आणि घेणारीची आवड इतकी उलटी असेल तर नमुना कोणाच्या डोळ्यांनी ठरवायचा, हा प्रश्न टाळून चालत नाही. खरेदीदाराला वर्षातून एकदा लवादात किंवा धारणीत बोलावून कारागिरांसमोर बसवणं हा त्यावरचा खर्चिक, पण कामाचा उपाय आहे.

खरेदीदाराकडे जाण्याचे सरकारी रस्तेही आहेत, आणि ते नावं ठेवण्यासारखे नाहीत. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ट्रायफेडची ‘ट्राइब्स इंडिया’ दुकानं आदिवासी कारागिरांकडून माल विकत घेऊन विकतात. पहिलं दुकान दिल्लीत १९९९ मध्ये उघडलं. दिल्लीचा आदि महोत्सव, मुंबईत राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान ‘उमेद’ भरवतं ते महालक्ष्मी सरस प्रदर्शन, नाशिकला मुख्यालय असलेलं शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ, ही सगळी दारं उघडी आहेत. निर्यातीसाठी ग्रेटर नोएडाला वर्षातून दोनदा हस्तकलांचा मोठा व्यापारमेळा भरतो आणि तिथे परदेशी खरेदीदार फक्त ठोक घ्यायला येतात. फरक एवढाच ध्यानात ठेवायचा की सरसमध्ये दिवसभर उभं राहून शंभर जणांना एकेक नग विकला जातो, आणि त्या शंभरांत दोन दुकानदार असतात. ते दोघे वस्तू घेत नाहीत. ती उलटून बघतात, हूक ओढून बघतात आणि कार्ड मागतात. कारागीर त्या वेळी सुट्टे पैसे मोजत असतो. त्या दोघांसाठी दर लिहिलेला कागद, किमान किती नग घ्यावे लागतील तो आकडा आणि माल किती दिवसांत देणार ते उत्तर जवळ हवं. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र बांबूचे दागिने, राख्या करायला शिकवतं. या तीन उत्तरांचाही एक दिवस अशा प्रत्येक प्रशिक्षणात असायला हवा.

परतीला परतवाड्याच्या बाजूने उतरताना पायविहीर या गावाकडे जाणारा रस्ता फुटतो. अचलपूर तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं हे कोरकू गाव. इथे दागिना नाही, सीताफळ आहे. २०१२ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, उजाड टेकडी गावाने राखली, आणि जंगलातली सीताफळं ठेकेदाराला न देता ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने थेट मुंबईत विकायला सुरुवात केली. २०१४ मध्ये पायविहीरला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. सीताफळ राखीहूनही अवघड माल. दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. तरी गावाने प्रतवारी केली, खोकी केली, नाव छापलं आणि गिऱ्हाईक मिळवलं. सीताफळाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमाराचा, राखीचा श्रावणातला. मुंबईत जी माणसं पायविहीरची खोकी घेतात, त्यांच्याच दारात दोन-अडीच महिने आधी लवादाची राखी जाऊ शकते. पत्ते तेच, गाडी तीच, आणि ‘मेळघाट’ हे नावही तेच.

पायविहीरहून परतवाडा जवळ, तिथून अमरावती तासा-सव्वातासावर. अमरावतीच्या नागपूर रस्त्याला ठोक कापडाच्या मोठाल्या पेठा आहेत. विदर्भातले आणि बाहेरचे दुकानदार तिथे साड्या आणि तयार कपड्यांचे गठ्ठे बांधून नेतात. साडीच्या दुकानात कानातली ठेवायला जागा असते, आणि हे दुकानदार लग्नसराईची खरेदी पौष-माघातच करून टाकतात. मेळघाटचा बांबू नेमका त्याच थंडीत कापला जातो.